यंत्र थांबवण्याचा अधिकार



स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं पवनीत मनापासून स्वागत करतो. उमरेड-भिवापूरकडून आलात ते जंगलाच्या कडेकडेनं आलात, भंडाऱ्याकडून आलात ते धानाच्या बांध्यांमधून आलात. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. वैजेश्वराचा घाट, जुन्या परकोटाचा दरवाजा आणि पावलापावलावर देवळं, ही पवनीची ओळख बहुतेकांना असते. तिच्याहून जुनी ओळख जगन्नाथ टेकडीवर आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली तिथं उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांपेक्षा जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत आणि कुठलं दान कुणी दिलं त्यांची नावं आहेत. उद्या सकाळी ज्यांना वेळ आहे त्यांना तिथं घेऊन जाण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. आज दुपारी पानात चिन्नोरचा भात असेल. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे सांगताना आम्हा जिल्हावासीयांचा ऊर भरून येतो, तेवढी मोकळीक मला द्यावी.

माणूस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी एकत्र काम करायचं तर कामाची जागा कशी असावी, हा आपल्या परिषदेचा विषय. निमंत्रणपत्रिका वाटत असताना मला अनेकांनी विचारलं, की हा विषय हिंजवडीचा, पवनीत कशाला? मी त्यांना सांगितलं, आमच्या राइस मिलमध्ये या, दाखवतो.

मी भरडाईच्या धंद्यातला माणूस. मिलमध्ये धान आलं की चाळणीतून जातं, खडे वेगळे होतात, शेलरमध्ये टरफल निघतं, पॉलिशरमध्ये कोंढा निघतो, ग्रेडरवर कणी वेगळी होते आणि शेवटी तांदूळ सॉर्टेक्सवर चढतो. सॉर्टेक्स हे मुळात लंडनमधल्या एका कंपनीचं नाव. आता मशीन कुठल्याही कंपनीचं असो, भंडारा-गोंदियात त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. उतरत्या पन्हाळीवरून तांदूळ घसरत येतो, समोर कॅमेरे असतात, प्रत्येक दाण्याचा रंग ते पाहतात, आणि काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की बारीक नळीतून हवेचा झोत सुटतो आणि तो दाणा बाजूला उडतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. पूर्वी हेच काम बाया सुपात तांदूळ घेऊन करत. नव्या मशीनमध्ये तर नमुन्याचे दाणे दाखवले की ते आपलं आपण शिकतं, कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा.

म्हणजे दाणा पाहून निकाल देणारं यंत्र आमच्याकडे आधीपासून आहे, आणि त्याच्या शेजारी एक माणूस उभा असतो. त्या माणसाकडे जरा निरखून पाहावं, अशी माझी आपल्याला विनंती आहे. आमचा ऑपरेटर तासातासाला दोन ठिकाणी हात घालतो: एकदा चांगल्या तांदळाच्या खाली आणि एकदा रिजेक्शनच्या पोत्यात. रिजेक्शनचा मूठभर माल तळहातावर घेतो, उजेडाकडे नेतो, अंगठ्यानं पसरवतो. त्यात पांढरे, धडधाकट दाणे फार दिसले तर यंत्र जास्त कडक झालंय हे त्याला कळतं. पावसाळ्यात मालाला ओल असते, काचेवर भुकटी बसते, उसना तांदूळ आला तर त्याचा रंगच मुळात पिवळसर असतो. यंत्राला कालचा माल ठाऊक असतो. आज ट्रॉली कुठल्या गावची आली, कापणीच्या वेळी तिथं पाऊस झाला होता का, धान किती दिवस ढिगात राहिलं, हे ऑपरेटरला ठाऊक असतं. या दोघांच्या ज्ञानाचा मेळ बसला तर तांदूळ चांगला निघतो.

आता खरा प्रश्न. त्या माणसाला वाटलं, यंत्र चुकतंय. बाहेर ट्रक उभा आहे, हमाल थांबलेत, गोदामात आजच माल पोहोचवायचा आहे. अशा वेळी तो लाल बटण दाबू शकतो का? का आधी सुपरवायझरला शोधायचं, त्यानं मॅनेजरला फोन करायचा, मॅनेजरनं मालकाला? आमच्या मिलमध्ये नियम असा आहे, की सॉर्टेक्सवरच्या माणसानं बटण दाबायला कुणालाही विचारायचं नाही. थांबवल्यावर सांगायचं, थांबवण्याआधी नाही. आणि थांबवण्याचं कारण चुकीचं निघालं तरी त्या वेळेचा हिशेब त्याच्या मजुरीतून होत नाही. माझ्या मते या परिषदेत बोलण्यासारखं जे आहे त्याचा गाभा इथंच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हणजे निर्णय यंत्र सुचवणार आणि सही माणूस करणार. त्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार, नाही म्हणायला पुरेल इतका वेळ आणि नाही म्हणण्याइतकं कसब, ही तिन्ही एकत्र असतील तरच त्याची सही खरी. एक जरी नसलं, तरी तो फक्त दोष घ्यायला उभा केलेला माणूस आहे.

हा विचार मुळात विणकामातून आलेला आहे, आणि पवनीत तो सांगताना मला विशेष आनंद होतो. आमच्या गावच्या कोष्टी आणि हलबा कोष्टी विणकरांचं रेशीमकाठी कापड एकेकाळी दूरवर जात होतं. आज मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा आपल्या जिल्ह्याचं नाव राखून आहे. मागावर बसलेल्या माणसाचे डोळे सतत ताण्यावर असतात. एक धागा तुटला आणि लक्षात आलं नाही तर पुढचं सगळं कापड डागी. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलानं हाच प्रश्न धरून आयुष्यभर माग सुधारले. 1924 साली त्याचा जी प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा. त्यामुळे एका माणसाला एकाच मागाकडे डोळे लावून बसायची गरज उरली नाही, तो अनेक माग सांभाळू शकला. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं त्याच्या पेटंटचे हक्क घेतले, आणि पुढे याच घराण्यातून टोयोटा मोटारींचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यात साध्या कामगाराच्या हाताशी दोरी असते. काही बिघडलेलं दिसलं की तो दोरी ओढतो, मदत धावून येते, आणि अडचण तिथल्या तिथं सुटली नाही तर लाइन थांबते. जपानी लोक या पद्धतीला जिदोका म्हणतात.

टोयोडाच्या मागात शहाणपणाची गोष्ट वेग ही नव्हती. आपल्याला जमत नाही हे मागाला कळत होतं आणि तेव्हा तो माणसाला हाक मारत होता, ही ती गोष्ट. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेत नेमकी हीच उणीव आहे. मोबाइलवरच्या साधनाला प्रश्न विचारा. माहीत असेल तरी ते ठामपणे उत्तर देतं, माहीत नसेल तरी पुष्कळदा तितक्याच ठामपणे देतं. धागा तुटलाय आणि माग चालूच आहे. हे पुरतं सुधारेपर्यंत थांबवायचं काम माणसाकडेच राहणार, आणि ते त्याला करता यावं अशी जागा आपल्याला बांधावी लागणार.

जागा बांधायची म्हणजे काय, याचा एक दाखला आपल्या शेजारचा आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलनं 1950 नंतर एका शेडमध्ये 224 स्वयंचलित माग बसवले. यंत्रं उत्तम होती, माणसंही कसलेली होती, तरी उत्पादन अपेक्षेइतकं निघेना आणि कापडात दोष राहू लागले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये तिथं आले. त्यांना दिसलं, की अभियंत्यांनी कामाचे तुकडे तुकडे केलेत. एक जण फक्त कांड्या भरतो, एक जण फक्त तुटलेले धागे जोडतो, एक फक्त तेल घालतो. आपल्याबरोबर कोण आणि आपण कोणाबरोबर, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. राइस यांनी सुचवलं, की ठरावीक मागांचा एक गट करा आणि तो एका छोट्या टोळीकडे पूर्ण सोपवा. पुढचं कामगारांनी स्वतः केलं. कोण कोणाच्या टोळीत, हे त्यांनी आपसात ठरवलं. सुरुवातीच्या थोड्या गोंधळानंतर उत्पादन वाढलं आणि दोष घटले. माग तेच, माणसं तीच. राइस यांनी 1958 मध्ये या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ते जगभर वाचलं जातं, आणि आपल्याकडच्या किती मालकांनी त्याचं नाव ऐकलं असेल याची मला शंका आहे. आज जिथं जिथं कंपन्या तक्रार करतात, की एवढं महाग सॉफ्टवेअर घेतलं पण काम काही सुधारलं नाही, तिथं मला अहमदाबादची ती शेड आठवते.

कसबाचा मुद्दा मी मघाशी काढला, त्यावर थोडं थांबतो, कारण हा मला सगळ्यात काळजीचा वाटतो. लिझान बेनब्रिज या इंग्रज संशोधक बाईंनी 1983 मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की काम जितकं जास्त यंत्राकडे जातं तितका माणसाचा रोजचा सराव सुटतो. मग एके दिवशी यंत्र अडतं आणि सगळ्यात अवघड प्रसंग त्याच माणसापुढे येतो, ज्याचा हात आता बसलेला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे रासायनिक कारखाने आणि वीजकेंद्रं होती. आज हे लागू आहे तहसीलच्या कारकुनाला, जो पत्राचा मसुदा फोनकडून लिहून घेतो. बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याला, जो कर्जाचा अर्ज यंत्राच्या गुणांवरून वाचतो. आणि वकिलाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीला. तरुण माणूस धंद्यात शिकतो ते खालची, कंटाळवाणी कामं करून. तीच कामं आपण आधी यंत्राला दिली, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारा जाणता माणूस आणायचा कुठून? म्हणून आमच्या मिलमध्ये नवा मुलगा आला की सॉर्टेक्सला हात लावण्याआधी त्याला सुपात तांदूळ निवडायला बसवतात, जुन्या बायांच्या शेजारी. काही पालकांना हा कमीपणा वाटतो. मला तो पाया वाटतो, आणि मी तो बंद करणार नाही.

दाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर दादाजी खोब्रागडे यांचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन दीड एकर, शाळा जेमतेम. 1983 साली पटेल 3 या वाणाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे पिवळसर. त्यांनी त्या खुडून बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवड करत राहिले आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ उभा राहिला. त्या वेळी एचएमटीचं घड्याळ लोकांना प्रिय होतं, त्यावरून हे नाव. आज विदर्भातल्या घराघरांत तो शिजतो. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांना हयातीत जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, हे इथं बसलेला प्रत्येक शेतकरी जाणतो. माझ्या यंत्रासमोर त्या लोंब्यांचे दाणे आले असते तर काय झालं असतं, याचा मी अनेकदा विचार करतो. ते रिजेक्शनच्या पोत्यात गेले असते. नेहमीपेक्षा वेगळा तो वाईट, एवढंच यंत्राला शिकवलेलं असतं. वेगळा दाणा पाहून थबकणारा माणूस कामाच्या जागेवर हवा, आणि त्यानं तो खिशात टाकून घरी नेला तर त्याला कुणी रागावू नये, अशी ती जागा हवी.

यंत्र आणि माणूस यांची जोडी चांगली जमल्याचं उदाहरणही आपल्या जंगलानं दिलेलं आहे. आपलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं. अशाच देशभरातल्या जंगलांत 2018 च्या व्याघ्रगणनेसाठी 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत 3 कोटी 48 लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघांचे होते 76,651. बाकी सांबर, चितळ, रानडुक्कर आणि वाऱ्यानं हललेलं गवत. एवढे फोटो माणसांनी चाळायचे तर अनेक वर्षं गेली असती. ते काम संगणकानं केलं, प्राण्यांच्या जातीनुसार फोटो वेगळे केले, पट्ट्यांवरून वाघ ताडून पाहायला मदत केली. पण कॅमेरा कुठल्या पायवाटेवर बांधायचा, हे पगमार्क आणि विष्ठा पाहत फिरणाऱ्या वनरक्षकानं आणि त्याच्याबरोबरच्या वनमजुरानं सांगितलं. कंटाळवाणं काम यंत्राकडे, जाणतेपणाचं काम माणसाकडे, आणि शेवटचा शब्द तज्ज्ञाचा. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठला आता गावाच्या कडेला असे कॅमेरे आहेत, जे वाघ दिसला की इशारा देतात. इशारा आल्यावर रात्री काठी-बॅटरी घेऊन जाणारी मात्र गावातलीच पोरं असतात. त्यांचा विमा, त्यांचं मानधन, त्यांची झोप, याला मी त्या यंत्रणेचाच भाग मानतो. कॅमेऱ्याच्या खर्चाच्या कागदावर त्याचीही ओळ असावी.

आणि जय. पवनीत जयचं नाव काढलं की आजही माणसं बोलायची थांबतात. 2013 मध्ये नागझिऱ्याहून आमच्या जंगलात आलेला तो देखणा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. एप्रिल 2016 मध्ये कॉलरचा सिग्नल बंद झाला. नंतर गावकऱ्यांनी, वनखात्यानं, स्वयंसेवकांनी रान रान पालथं घातलं, पण जय सापडला नाही. मी यात कुणाला बोल लावत नाही. एवढंच सांगतो, की सिग्नल येणं जसं यंत्राचं बोलणं असतं, तसं सिग्नल न येणं हेही असतं. ते ऐकायची जबाबदारी कुणाची, किती तासांत आणि मग पहिला फोन कुणाला, हे यंत्र बसवतानाच लिहून ठेवावं लागतं. रुग्णालयात, बँकेत, कारखान्यात, सगळीकडे.

आरोग्याच्या क्षेत्रात तर हे फार जपून करावं लागेल. छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका सांगणारं सॉफ्टवेअर आता आहे. मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी या कामात जगभर पोहोचली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी अशा साधनांना मान्यता दिली. जिथं रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एखाद्या दिवशी दिसतो तिथं हे वरदानच आहे, यात मला शंका नाही. पण थायलंडमध्ये काय झालं तेही आपण लक्षात ठेवावं. मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा तपासणारं गूगलचं साधन तिथल्या 11 दवाखान्यांत लावलं. प्रयोगशाळेत ते तज्ज्ञाच्या तोडीचं होतं. दवाखान्यात परिचारिकांनी काढलेल्या 1,838 फोटोंपैकी सुमारे 21 टक्के फोटो त्यानं नाकारले, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता. नेट मंद, रांग लांब. फोटो नाकारला म्हणून रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे जायला सांगायचं, आणि परिचारिकेला तर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतंय की याला काही नाही. हा सगळा अनुभव 2020 मध्ये गूगलच्याच संशोधकांनी एका निबंधात प्रामाणिकपणे छापला, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. आमच्या तालुक्यातल्या उपकेंद्रात आशाताई आणि सिस्टर कशा परिस्थितीत काम करतात, हे पाहिल्याशिवाय कुणी त्यांच्यासाठी साधन बनवू नये. खोलीला पडदा आहे का, दुपारी लाइट असते का, सूचना मराठीत येते का, एवढं विचारलं तरी निम्मं काम होईल.

नदीकाठी राहणाऱ्याला गोसीखुर्दविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी त्या धरणाची पायाभरणी केली. धरण आमच्याच तालुक्यात, दरवाजे 33. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, खाली सगळे दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात आणि काठावरच्या गावांत पाणी शिरलं, पुढे गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत हाहाकार झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुराचा अंदाज बांधायचं काम आपल्या देशात 2018 मध्ये पाटण्यापासून केंद्रीय जल आयोगाच्या साथीनं सुरू झालेलं आहे. अंदाज आणखी चांगले व्हावेत, आणखी आधी मिळावेत, अशीच आमची इच्छा आहे. पण वरचं धरण एका राज्याचं, खालचं दुसऱ्या राज्याचं, आणि मध्यरात्री दरवाज्याजवळ उभा असलेला अभियंता एकटा, ही व्यवस्था तशीच राहिली तर अचूक अंदाजही कागदावर राहील. त्याला कुणाला फोन करायचा, कोणती गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर करायची, आणि यंत्राचा अंदाज डावलला तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे पावसाळ्याआधी ठरलेलं असावं.

कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना मी मुद्दाम बोलावलं आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-क होतं. कामगारकपात होईल अशा तऱ्हेनं यंत्रसामग्री किंवा तंत्र बदलायचं असेल तर मालकानं 21 दिवस आधी नोटीस द्यावी, असं ते सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद कायम आहे. मी स्वतः मालक आहे, तरी मोकळेपणानं म्हणतो, की एवढं पुरेसं नाही. नोटीस येते तेव्हा यंत्राची ऑर्डर देऊन झालेली असते. ज्याच्या हाताखाली ते यंत्र चालणार आहे, तो माणूस खरेदीच्या आधी टेबलावर बसलेला हवा. सॉर्टेक्सचं नवं मशीन घेताना कंपनीच्या इंजिनिअरसमोर मी आमच्या ऑपरेटरला बसवलं. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न होता, काच पुसायला मशीन किती वेळ बंद ठेवावं लागतं. आम्हा कुणाला तो सुचला नव्हता, आणि रोजच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा तोच ठरला.

आणि यंत्रामुळे वाचलेला वेळ कोणाचा, हेही याच टेबलावर ठरावं. सगळा मालकाचा असेल तर कामगार यंत्राला शिकवणार नाही, आपलं कसब लपवून ठेवील, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. निवडणाऱ्या बायांचं काय झालं, असं मला पुष्कळ जण विचारतात. आमच्याकडच्या काही जणी पॅकिंगवर गेल्या, काही नमुना तपासणीवर आहेत, काहींना आम्ही काम देऊ शकलो नाही. त्यांच्यापैकी दोघी आज दुसऱ्या सत्रात बोलणार आहेत. त्या बोलतील ते सभेनं शांतपणे आणि पूर्ण ऐकावं, घड्याळ दाखवू नये, अशी सत्राध्यक्षांना माझी हात जोडून विनंती आहे.

परिषदेच्या रचनेविषयी थोडं सांगतो. प्रत्येक सत्रात एक अभ्यासक असेल आणि त्याच्या शेजारी त्याच क्षेत्रात हातानं काम करणारी एक व्यक्ती असेल. वनरक्षक, परिचारिका, मागावरचे विणकर, मिलमधले ऑपरेटर, बँकेतले कर्मचारी. ज्यांना माईकची सवय नाही त्यांच्यासाठी बसून बोलायची सोय केली आहे. अभ्यासकांना नम्र विनंती, की आपण मराठीत बोलावं आणि शब्द अडला तर सभागृहाला विचारावं. इथं बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी तो शब्द रोज वापरत असेल. संध्याकाळी जे ठराव होतील त्यांचा मसुदा आधी या कामगार मंडळींना वाचायला दिला जाईल. त्यांना न कळलेलं वाक्य ठरावात राहणार नाही.

दुपारच्या जेवणानंतर ज्यांना मिल पाहायची असेल त्यांच्यासाठी दोन गाड्या दारात उभ्या असतील. मशीन चालू असेल. ऑपरेटरला हवे ते प्रश्न विचारा, मी तिथं थांबणार नाही, म्हणजे तो मोकळेपणानं बोलेल.